सात रस्त्याचा पाणबुड्या

फोन स्पीकरवर ठेवून माणसानं पोटच्या पोरीशी वाद घालू नये, एवढी अक्कल नागनाथ शिवशरणला त्या संध्याकाळी असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण तो गॅलरीत उभा होता, फोन कठड्यावर होता, आणि पुण्याहून धम्मप्रिया अंदमानच्या सहलीची माहिती वाचून दाखवत होती. पोरीनं स्वतःच्या पगारातून आईबापाला बेटं दाखवायचं ठरवलं होतं. त्या सहलीत दर जोडप्यामागे एका माणसाला एक साहस फुकट होतं.

"बाबा, पॅराशूट बांधून बोटीमागे उडायचं आहे, कयाक आहे, समुद्राच्या तळाशी जायचं स्कूबा डायव्हिंग आहे. आणि एक काचेच्या तळाची बोट आहे, बसल्या जागेवरून मासे बघायचे. मी तुमच्यासाठी ती बोट टाकते. ज्येष्ठांना तीच बरी, असं लिहिलंय इथं."

ज्येष्ठ! रिटायर व्हायला अजून अवकाश असलेल्या, दर महिन्याला नेमानं केस काळे करणाऱ्या माणसाला त्याचीच मुलगी ज्येष्ठ म्हणाली.

"स्कूबा टाक," नागनाथ म्हणाला.

"अहो बाबा, तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"स्कूबा टाक म्हणतोय की!"

हे वाक्य त्यानं असं काही ओरडून म्हटलं, की शेजारच्या गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या निंगव्वाकाकूंच्या हातून पापड खाली पडला. निंगव्वाकाकूंच्या कानावर पडलेली गोष्ट कॉलनीला कळायला वेगळी दवंडी लागत नाही. सकाळी दूधवाल्यानंच विचारलं, "काय साहेब, तळ गाठणार म्हणे?"

खरं तर नागनाथला पाण्याची लई भीती. पाटबंधारे खात्यात त्याची सगळी नोकरी पाण्याच्या फायली हलवण्यात गेली, पण गुडघ्याच्या वर पाण्यात तो कधी उतरला नव्हता. आणि त्यात त्याचा दोष तरी काय? सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते आलं की माणूस भरतो, पोहत बसत नाही. बायकोला, चांगुणाला, त्यानं आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं, "धम्माला परत फोन करून ती काचेची बोटच टाक म्हणावं का?" चांगुणा म्हणाली, "करा की. पण आता स्पीकर बंद करून करा." एवढ्यावर त्याचा स्वाभिमान पुन्हा उसळला आणि फोन राहिला तो राहिलाच.

सल्ले मात्र फुकट आणि भरपूर आले. कुणी म्हणालं कानात कापूस घाला, कुणी म्हणालं दाढी करून जाऊ नका, मीठ झोंबतं. सगळ्यात ठाम सल्ला निंगव्वाकाकूंचा. "नागन्ना, उपाशी पोटी समुद्रात जायचं न्हाय बघ. पोटात वारं भरतंय आन माणूस वर वर येतंय. घट्ट खाऊन जा. कडक भाकरी आन शेंगाचटणी मी देती बांधून." काकूंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण त्यांच्या बोलण्यात असा काही अधिकार होता की नागनाथनं मान डोलावली. ती मान डोलावणं त्याला पुढं फार महागात पडलं.

मग ऑफिस. रजेचे अर्ज बघायला शिवयोगी अण्णा होते. अण्णांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला.

"शिवशरण, तुम्ही समुद्राच्या तळाशी जाणार?"

"व्हय अण्णा. म्हणजे, जाऊन परत येणार."

"परत येणार हे तुम्ही म्हणताय. नाही आलात तर कपाटाच्या चाव्या कुणाकडनं घ्यायच्या?" अण्णा खुर्चीत मागं रेलले. "बदली झाली तर चार्ज कसा द्यायचा, याचा नियम आहे. माणूस जमिनीवर मेला तर काय करायचं, त्याचाही आहे. पाण्याखाली गेलेल्या कर्मचाऱ्याबद्दल परिपत्रकच नाही. वर मार्गदर्शन मागवावं लागेल."

वर मार्गदर्शन मागवणं म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. धम्मप्रियाची तिकिटं जुनी होऊन रद्दीत गेली असती. नागनाथ काकुळतीला आला तेव्हा अण्णांनीच वाट काढली. मंद्रूपला त्यांच्या शेतात विहीर होती. रविवारी यायचं, तिथं पोहायला शिकायचं, आणि माणूस बुडत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर अण्णा अर्जावर शेरा मारणार.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवायची रीत ठरलेली आहे. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. ही रीत पोरांसाठी. नागनाथचा देह बघून अण्णांनी तेलाचे दोन मोठे डबे बांधले. विहिरीच्या काठावर अर्धं मंद्रूप जमलं होतं. सरकारी साहेब पोहायला शिकणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? चांगुणा टॉवेल घेऊन बाजूला उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती, ते नागनाथला वरूनही दिसलं आणि पाण्यातूनही.

तो पडला, आणि दुसऱ्या क्षणी बुचासारखा वर आला. डब्यांनी त्याला असा घट्ट वर धरला की हातपाय मारून तो पुढं जाईना, मागं जाईना, आडवा तरंगत राहिला. खाली जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"शाबास!" वरून अण्णा ओरडले. "बुडत नाही! शंभर टक्के बुडत नाही!"

"अण्णा," नागनाथ मान वर काढून, पाणी थुंकत म्हणाला, "मला बुडायलाच जायचंय हो!"

"ते तिथले लोक बघतील. माझं काम तुम्ही बुडू नये एवढंच."

दुसऱ्या दिवशी अर्जावर शेरा पडला: 'अर्जदार बुडत नाही. समक्ष पाहिले. रजा मंजूर.' अंगावरचे दोराचे वळ मात्र आठवडाभर गेले नाहीत.

इथवर सुद्धा ठीक होतं. अंदमानला जाऊन, सर्दी झाली असं खोटंच सांगून, गुपचूप काचेच्या बोटीत बसून येता आलं असतं. नागनाथचा बेतही तोच होता. पण निघायच्या आदल्या आठवड्यात तो चांगुणाला स्कूटरवर मागं बसवून भाजीला निघाला, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबला, आणि त्यानं सहज वर पाहिलं.

वर तो स्वतःच होता. भलंमोठं डिजिटल बॅनर लागलं होतं. कुणा सडपातळ गोऱ्या माणसाचं काळ्या रबरी कपड्यातलं शरीर, पायात बेडकासारखे पंजे, आणि मानेवर नागनाथचं, ऑफिसच्या ओळखपत्रावरचं, टायसकट डोकं. शेजारी एक शार्क आ वासून त्याच्याकडे बघत होता. खाली अक्षरं: 'सोलापूरचे सुपुत्र, साहसवीर मा. नागनाथकाका शिवशरण यांनी अंदमान येथे समुद्राचा तळ गाठल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि या सगळ्याच्या दुप्पट आकारात, हात जोडून हसणारा फोटो कॉलनीतल्या ऋतुराजचा. ऋतुराजला यंदा नगरसेवक व्हायचं होतं, आणि त्यासाठी तो कुणाचंही कशाबद्दलही अभिनंदन करायला तयार होता.

"अरे, मी अजून गेलोसुद्धा नाही!" नागनाथ त्याला फोनवर ओरडला.

"काका, जाणारच की तुम्ही. बोर्डाची परवानगी याच पंधरवड्याची मिळालीय. आता 'जाणार' म्हणून छापायचं, परत 'गेले' म्हणून छापायचं, कशाला डबल?"

बोर्ड छापणारे रहिमतुल्लाभाई तर वर उपकार केल्यासारखे म्हणाले, "साब, शार्क का पैसा नै लिया. तुमारे वास्ते फ्री में डाला."

झालं. आता नागनाथला समुद्राच्या तळाशी जाऊन येणं भाग होतं. नाही गेला तर सात रस्त्यावरून रोज ऑफिसला जायचं तोंड कुठलं? शहराला सात रस्ते असून त्याच्या सुटकेचा एकही उरला नव्हता. विमानात त्यानं डोळे मिटून घेतले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. चांगुणा मात्र खिडकीला नाक लावून बसली होती.

बेट सुंदर होतं म्हणतात. नागनाथनं ते बघितलंच नाही. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेली झाडं, यातलं काही त्याला दिसेना. त्याला दिसत होता तो फक्त सिग्नलला थांबलेला सोलापूरचा माणूस, मान वर करून वाचणारा. स्कूबाच्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, हलकं खा, केळं बिळं. पण ऐन संकटात माणूस परक्याचं ऐकतो की घरच्याचं? नागनाथनं पिशवीतनं निंगव्वाकाकूंची कडक भाकरी काढली, चुरली, वर शेंगाचटणी लसणासकट मूठभर घातली, आणि पोटात वारं शिरायला जागा उरणार नाही इतकं घट्ट खाल्लं.

बोटीवर पायल नावाची शिकवणारी बाई होती. खांद्यानं रुंद, आवाजानं मऊ. तिनं त्याला काळ्या रबरी कपड्यात कोंबलं. दोन माणसं ओढायला लागली. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तोंडात नळी दिली. "अंकल, नाक को भूल जाओ. सिर्फ मुँह से साँस लो."

नागनाथनं तोंडानं श्वास घेतला. आत कुठंतरी घशापाशी अडकलेली सोलापुरी चटणी त्या कोरड्या हवेनं जागी झाली.

"हिक्!" नळी तोंडातून उडाली.

पायलनं ती पुन्हा दिली. पुन्हा "हिक्!" पायल म्हणाली, थांबा जरा, उचकीत खाली नेता येत नाही, धोका असतो. पाणी पाजलं, साखर दिली, श्वास रोखायला लावला. उचकी जाईना. बोटीवरून चांगुणानं मग आपला घरचा उपाय सुरू केला. कुणी आठवण काढली की उचकी लागते आणि त्याचं नाव घेतलं की थांबते, हे कुणाला माहीत नाही?

"निंगव्वाकाकू का हो?"

"हिक्!"

"शिवयोगी अण्णा? ऋतुराज? धम्मा?"

"हिक्! हिक्! हिक्!"

चांगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, सात रस्त्याला बोर्ड लागलाय तुमचा. सिग्नलला थांबलेला एक एक माणूस तुमचं नाव घेतोय. मी कुणाकुणाची नावं घेऊ आता?"

पायलनं शेवटी घाबरवून बघितलं. मागं शार्क आला म्हणाली. नागनाथची उचकी थांबली नाही, उलट तिला हुंदक्यासारखा सूर आला. आपण रडतोय की उचकी देतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. इतका लाचार तो आयुष्यात कधी झाला नव्हता, अण्णांच्या विहिरीतसुद्धा नाही.

बोटीची वेळ संपत आली. पायलनं वर बघून विचारलं, "आंटी, आप जाओगी? बुकिंग वेस्ट हो जाएगा."

चांगुणानं नागनाथकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती कुठल्या दारातनं त्याच्या आधी आत गेली नव्हती. नागनाथनं हातानंच सांगितलं, जा. फुकट मिळालेलं वाया जाऊ द्यायचं नाही, हा एकच विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यात होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती तयार झाली, पाण्यात उतरली, नळी तोंडात धरली, एकदा मान हलवली, आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं.

त्याच क्षणी नागनाथची उचकी थांबली.

वर नुसते बुडबुडे येत होते. नागनाथला बोटीवर ओढून घेतलं होतं, तो कडेला ओणवा होऊन ते बघत राहिला. बुडबुडे लांब गेले. मग दिसेनासे झाले. ही वर नाही आली तर? घरी निंगव्वाकाकूंना काय सांगायचं, धम्माला काय सांगायचं? आणि ते जाऊ द्या, कुणाला काहीच सांगायचं नसलं तरी आपण घरात शिरून कुणाला हाक मारायची? बोर्ड, ऋतुराज, शार्क, सगळं त्याच्या डोक्यातनं पार गेलं. "चांगुणाऽ!" तो पाण्याकडे तोंड करून ओरडला. बोटवाला हसला. खाली ऐकू जात नाही म्हणाला.

ती वर आली तेव्हा तिनं मास्क काढला. डोळे लाल, चेहऱ्यावर मास्कचा वळ, आणि तोंडावर असं काहीतरी, जे नागनाथनं आजवर पाहिलं नव्हतं. टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "अहो, खाली आवाजच नाही काही. मासे होते, रंगीत होते, ते सगळं होतंच. पण आवाज नाही. कुकर नाही, बेल नाही, नळाला पाणी आलं म्हणून ओरडा नाही. मला कुणी हाकच मारली नाही बघा."

नागनाथनं आपण हाक मारल्याचं सांगितलं नाही.

इथंच गोष्ट संपली असती तर माणूस म्हणून त्याची अब्रू राहिली असती. पण संध्याकाळी अण्णांचा मेसेज आला: 'झालं का?' पायलनं पाण्याखालचे फोटो पाठवले होतेच. काळा कपडा, मास्क, नळी. आत चांगुणा आहे की नागनाथ, की खुद्द अण्णा, हे ओळखायची सोय नव्हती. नागनाथनं त्यातला एक फोटो अण्णांना पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. खोटं बोललो नाही, असं तो स्वतःला रात्रभर समजावत राहिला. सकाळपर्यंत तो फोटो ऋतुराजच्या ग्रुपवर फिरून, अंगठे आणि हार घेऊन चांगुणाच्या मोबाईलवर आला. तिनं तो बघितला, मोबाईल पालथा ठेवला आणि चहा मागवला. तिनं भांडण काढलं असतं तर नागनाथला बरं वाटलं असतं. परतीच्या विमानात ती खिडकीशी बसली खरी, पण बाहेर बघत नव्हती.

सोलापुरात उतरल्यावर सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये सत्कार ठेवलेला होता. खुर्च्या भरल्या होत्या, अण्णा पहिल्या रांगेत होते, रहिमतुल्लाभाईंनी नवं बॅनर लावलं होतं आणि या वेळी शार्क दोन होते. ऋतुराजनं तोंड फाटेस्तोवर भाषण केलं. मग माईक नागनाथच्या हातात आला. त्यानं समोर पाहिलं. चांगुणा बायकांच्या रांगेत, निंगव्वाकाकूंच्या शेजारी बसली होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याला वाटलं, आज हे बोललो नाही तर या बाईसमोर पुन्हा जेवायला बसता येणार नाही.

"मी खाली गेलो नाही," नागनाथ म्हणाला. "फोटोत मी नाही. ही गेली होती. चांगुणा."

आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरचा पंखा हलला.

"बघा!" ऋतुराज दुसऱ्या माईकवर ओरडला. "याला म्हणतात मोठेपणा! स्वतःचं श्रेय सौभाग्यवतीला देणारा माणूस आज शोधून सापडतो का?"

"अरे श्रेय कसलं, मला उचकी लागली होती! भाकरी खाऊन!"

लोक पोट धरून हसले. काका लई विनोदी आहेत, असं मागं कुणीतरी म्हणालं. नागनाथ चिडला. त्यानं नळी सांगितली, चटणी सांगितली, पायलचं नाव सांगितलं. जितकं खरं सांगावं तितक्या टाळ्या वाढत गेल्या. अण्णा उभे राहून म्हणाले, "मी स्वतः बघितलंय. हा माणूस बुडत नाही." शेवटी नागनाथ कळवळून म्हणाला, "अगं चांगुणा, तू तरी सांग की यांना!"

चांगुणा उठली. माईकपाशी आली. आधी तिचा आवाज अडखळला, मग सरळ झाला. पाणी कानावर कसं दाबतं, आपलाच श्वास कसा ऐकू येतो, एक पिवळा मासा तोंडासमोर येऊन कसा थांबला, आणि कुणी हाक मारत नाही तिथं किती वेळ राहावंसं वाटतं, सगळं तिनं सांगितलं. बायकांच्या रांगेत कुणाच्या बांगड्या वाजेनात. निंगव्वाकाकू पुढं वाकून हळूच म्हणाल्या, "खरंच व्हय गं? तितं कुणीच हाक मारत न्हाय?"

"वा वा वा!" ऋतुराजनं माईक ओढून घेतला. "काकांनी पाण्याखालचं काकूंना किती बारकाईनं समजावून सांगितलंय बघा! जणू काकू स्वतःच जाऊन आल्यात!"

पुन्हा टाळ्या. नागनाथच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. चांगुणाला 'खंबीर साथ' दिल्याबद्दल गुलाबाचं एक फूल मिळालं. नागनाथला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

घरी जाताना चांगुणा नारळ आणि फूल मांडीवर घेऊन स्कूटरवर मागं बसली. मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवेला होता, "मी खरं सांगितलं की गं."

"सांगितलंत."

"माझं कुणी ऐकलंच नाही."

"एकदा ऐकलं नाही तर केवढंसं तोंड झालंय तुमचं," चांगुणा मागून म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. त्यानंच त्याला जास्त लागलं. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "घरी गेल्यावर धम्माला फोन लावा. परत बुकिंग करायला सांगा. एकाच माणसाचं."

"एकाच?" नागनाथनं स्कूटर हळू केली. "आणि मी?"

"तुम्ही हितंच थांबा. सत्कार घ्यायला कुणीतरी लागेल की."